तिळाएवढं हाड

शेगडीशेजारी दोन तास ठेवला
तेव्हा कुठे पाय सैल झाला.
मागचा, डावा. नळीच्या हाडापाशी कापलेला.
खुरांच्या बेचक्यात अजून थोडा बर्फ, थोडं शेवाळ.

आठ वर्षांचा रेनडिअर, खच्ची केलेला, स्लेज ओढणारा,
बाबांचा.
एप्रिलअखेर नदीवरचा बर्फ दगा देतो
हे त्यालाही ठाऊक होतं, बाबांनाही.
दोघांपैकी एकाने ऐकलं नाही.
सांध्याच्या आतल्या अंगाचा अस्थिबंध पुरता तुटलेला,
बाहेरचा एका धाग्यावर.
जीव तीळ तीळ तुटतो म्हणतात;
अस्थिबंध तसा तुटत नाही. तो एकदम जातो,
ओल्या दोरखंडासारखा, आणि मग पाय
कुठल्याही दिशेला वळायला तयार.

ओस्लोत शिकताना मी हेच रंगीत पेन्सिलींनी काढलं होतं.
हाडाला हाड बांधणारा पांढरा,
हाडाला स्नायू बांधणारी कंडरा निळी.
पैकीच्या पैकी गुण.
काल बर्फावर गुडघे टेकून मी सुई भरली,
आणि बाबांनी शिंगं धरली.

आता ते दारात उभे आहेत, आत येत नाहीत.
"तो आवाज शोधतेयस ना, राव्द्ना?"

हो.
रेनडिअर चालतो तेव्हा त्याच्या पायातून वाजतं,
लाकडावर नखाने टिचकी मारावी तसं.
हिमवादळात स्वतःचा हातमोजा दिसत नाही तेव्हा
कळप एकमेकांचे पाय ऐकत पुढे सरकतो.
लांबून येणारी हजार जनावरं म्हणजे
कोरड्या बर्चची चूल पेट घेताना.
लहानपणी मी तंबूत ते ऐकत झोपायचे.
वाजायचं थांबलं की जाग यायची.

कातडी सोलते. इथली चरबी गोठत नाही,
पायाची चरबी गोठून कसं चालेल.
कंडरा खरवडून मोकळ्या करते, सांभाळून,
उद्या सिग्गा आत्या न्यायला येईल.
वाळवून, कुटून, दातांनी चिरून
ती त्यांचा दोरा वळते, उजव्या गालावर घासून.
साठ वर्षं वळतेय.
चेहरा सगळा सुरकुतला, तेवढा गाल सोडून.

सांध्याचं वंगण दोन बोटांत तार धरतं,
एकतारी पाकासारखं.
आणि त्याच्या खाली ते,
पुस्तक ज्याला तिळाचं हाड म्हणतं.
चांगलं वाटाण्याएवढं आहे.
तीळ मी पहिल्यांदा पाहिला तो शहरात, बर्गरच्या पावावर;
नाव ठेवणारा कुणी उबदार गावचा असणार.
कंडरा या हाडावरून घसरते.
घसरते एवढंच.

हाड एकटं वाजवून पाहिलं मी, चिमट्याने. हाडासारखं वाजलं.
कंडरा बोटाने छेडली. मुकी.
सांधा दुमडला, सोडला.
पुन्हा.
बाबा म्हणाले, "असं नाही. त्याचं वजन दे त्याला."
मग मी खूर टेबलावर टेकवला,
वरून तळव्याने भार दिला, अंगाचा सगळा, आणि उचलला.

टक्.

बाहेर चाप्पे उठला. अंगावरचा बर्फ झटकला.
शेडकडे नाही आला.
सरळ स्लेजपाशी गेला आणि उभा राहिला,
डाव्या बाजूला, जिथून तो रोज निघायचा,
कान मागे, आमच्याकडे पाठ.

कितीतरी वेळ आम्ही तिघंही तसेच.

"बांधून ठेव ते," बाबा म्हणाले,
"चुकून वाजायचं."

मी पट्टी घेतली. गुंडाळताना हाताने
सवयीने जिवंत पायाचीच पट्टी बांधली:
सांध्याच्या वर दोन वेढे, खाली दोन,
फार आवळायची नाही,
गाठ बाहेरच्या अंगाला.

बाबांनी जाऊन स्लेजवर ताडपत्री ओढली,
एका बाजूने, कुत्र्याला न हलवता.